दोन रुपयांचा हिशेब
जबलपूरच्या डॉ. मुनीश्वर चंद्र डावर यांची अर्धशतकी प्रॅक्टिस

मध्य प्रदेशात शहपुरा नावाची एकाहून अधिक गावे आहेत. त्यांपैकी दिंडोरी जिल्ह्यातले शहपुरा वेगळे, आणि येथे अभिप्रेत असलेले जबलपूर जिल्ह्यातले, नर्मदेच्या खोऱ्यातले, जबलपूरहून नरसिंहपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तहसिलीचे शहपुरा वेगळे. शेजारच्या भिटोनी या रेल्वे स्थानकाशी त्याचे नाव इतके जोडले गेले आहे की, व्यवहारात त्याला ‘शहपुरा भिटोनी’ असेच म्हटले जाते. पाटण आणि शहपुऱ्याचा हा काळ्या जमिनीचा पट्टा ‘हवेली’ म्हणून ओळखला जातो. पावसाळ्यात शेताला उंच बांध घालून त्यात पाणी अडवून ठेवायचे आणि पाऊस सरल्यावर ते सोडून देऊन, मुरलेल्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा, ही इथली जुनी पद्धत होती. अलीकडच्या काळात या जिल्ह्याचा हिरवा वाटाणा दूरदूरच्या बाजारांत जाऊ लागला आहे. १८७० साली जबलपूर येथे मुंबईकडून आलेला आणि कलकत्त्याकडून आलेला असे दोन लोहमार्ग जोडले गेले, तेव्हापासून भिटोनीच्या बाजूचा माणूस मालासाठी, कोर्टकचेरीसाठी आणि आजारपणासाठी गाडीने पूर्वेकडे जात आला आहे. भेडाघाट मागे पडले की मुख्य स्थानकाच्या अलीकडे मदन महल लागते आणि तिथूनच शहराची वस्ती दाट होते.

शहराचा आणि तहसिलीचा हा संबंध लक्षात घेतल्याशिवाय डॉ. मुनीश्वर चंद्र डावर यांच्या कामाचे मोल नीट कळत नाही. तालुक्याच्या ठिकाणचा किंवा खेड्यातला रुग्ण शहरात येतो, तेव्हा डॉक्टरची फी हा त्याच्या खर्चाचा एक तुकडा असतो. गाडीभाडे, बुडालेली मजुरी, सोबत आलेल्या माणसाचे खाणेपिणे, औषधे आणि तपासण्या यांची बेरीज फीच्या कितीतरी पुढे जाते. तरीही आजारपण अंगावर काढायचे की डॉक्टरकडे जायचे, हे ठरवताना आधी डोळ्यांपुढे उभी राहते ती फीच, कारण ती रोख आणि अगोदर द्यावी लागते. बाकीचा खर्च किती होईल हे कोणालाच आधी ठाऊक नसते, फी मात्र ठाऊक असते. डॉ. डावर यांनी १९७२ मध्ये जबलपुरात दवाखाना सुरू केला तेव्हा ती दोन रुपये ठेवली आणि अखेरच्या वर्षांतही ती वीस रुपयांच्या पुढे जाऊ दिली नाही. वृत्तपत्रांनी त्यांना ‘वीस रुपयांचे डॉक्टर’ ही ओळख दिली. ती खरी असली तरी तिच्यात त्यांच्या कामाचा अर्धाच अर्थ येतो.

त्यांचा जन्म १६ जानेवारी १९४६ रोजी, आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबात झाला. फाळणीनंतर कुटुंब भारतात आले, वडिलांचे छत्र बालपणीच हरपले आणि शालेय शिक्षण जालंधरला झाले. त्याच १९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा प्रचंड अहवाल सरकारला सादर केला होता. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे त्याचे पायाभूत तत्त्व होते आणि चाळीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र ही त्याची पहिल्या टप्प्याची शिफारस होती. मेडिकल स्कूलमधून मिळणारी परवानाधारक वैद्यांची छोटी पात्रता, म्हणजे एल.एम.पी., बंद करून देशात एकाच दर्जाचे पदवीधर डॉक्टर तयार करावेत, असेही त्या समितीने सुचवले. नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमधून शिकून बाहेर पडलेल्या एल.एम.पी. डॉक्टरांवर मध्य प्रांतातल्या कितीतरी गावांची भिस्त होती, ही गोष्ट विदर्भातल्या जुन्या कुटुंबांना आजही आठवत असेल. पदवीधर डॉक्टरांची संख्या वाढावी म्हणून नवी महाविद्यालये निघाली, त्यांत नागपूरचे १९४७ चे आणि जबलपूरचे १९५५ चे. जबलपूरचे महाविद्यालय निघाले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, राज्यपुनर्रचनेने विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि नव्या राज्याचे उच्च न्यायालय तिथे आले. आज नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव असलेल्या त्या महाविद्यालयातून मुनीश्वर चंद्र डावर १९६७ मध्ये एम.बी.बी.एस. झाले.

लोकांच्या करातून उभ्या राहिलेल्या, नव्या आणि तुलनेने स्वस्त महाविद्यालयात शिकल्यामुळे पदवी हातात पडताना डोक्यावर मोठे कर्ज नाही, ही त्या पिढीच्या डॉक्टरांची मोठी जमेची बाजू होती. स्वस्त फीच्या डॉक्टरांबद्दल लिहिताना त्यांच्या त्यागाचे वर्णन सढळ हाताने होते. पण त्या त्यागाला जागा करून देणारी जी सार्वजनिक गुंतवणूक होती तिचा उल्लेख क्वचितच होतो. दोन रुपये फी परवडायला डॉक्टरचे मन मोठे असावे लागते हे खरे, तसेच त्याचे शिक्षण विकत घेतलेले नसावे लागते हेही खरे.

१९७१ च्या भारत-पाक युद्धाच्या काळात डॉ. डावर यांनी सुमारे वर्षभर भारतीय लष्करात वैद्यकीय सेवा बजावली आणि जखमी जवानांवर उपचार केले. लष्करी वैद्यकात ‘ट्रायेज’ नावाची एक शिस्त असते. एकाच वेळी अनेक जखमी समोर असताना कोणाला तत्काळ हात लावायचा, कोण थोडा थांबू शकतो आणि कोणाला मागच्या रुग्णालयात पाठवायचे, हे काही क्षणांत ठरवण्याच्या पद्धतीला ते नाव आहे. गर्दीच्या दवाखान्यात बसणाऱ्या सामान्य व्यवसायी डॉक्टरला, म्हणजे ज्याला इंग्रजी आद्याक्षरांनी ‘जी.पी.’ म्हणतात त्याला, हेच कौशल्य रोज लागते. बाकावर ओळीने बसलेल्या सर्दी-खोकल्याच्या पेशंटांत एखाद्याचा खोकला क्षयाचा असतो, एखाद्याची छातीतली जळजळ हृदयविकाराची असते, आणि ती वेळेवर ओळखून त्याला पुढे पाठवणे हे जी.पी.च्या कामाचे अर्धे सार आहे.

दवाखाना सुरू झाल्यावर फी दोन रुपयांवरून टप्प्याटप्प्याने आणि फार सावकाश वाढत गेली. दोनाचे वीस म्हणजे दसपट, असा साधा भागाकार केला तर वाढ भरघोस वाटते. पण रुपयाच्या किमतीचा विचार केला की चित्र उलटे होते. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे ठरावीक घरगुती वस्तूंच्या किमती काळानुसार किती वाढल्या हे मोजणारा सरकारी आकडा, वेगवेगळ्या आधारवर्षांच्या मालिका जोडून पाहिला, तर १९७२ पासून २०२२-२३ पर्यंत ढोबळमानाने चाळीस पटीच्या आसपास वाढलेला दिसतो. या हिशेबाने १९७२ च्या दोन रुपयांची बरोबरी करायला पन्नास वर्षांनी ऐंशी रुपयांहून अधिक लागले असते. डॉ. डावर वीस रुपये घेत होते, म्हणजे आरंभीच्या फीच्या पाव हिश्शाच्या जवळपास. सुरुवातीला जी फी फक्त कमी होती, ती वर्षे सरली तशी खरी किंमत गमावत जवळजवळ नाममात्र झाली. डॉक्टर तिशीचे असताना पेशंटला जितके स्वस्त पडत होते त्याहून पंचाहत्तरीत अधिक स्वस्त पडत होते, आणि वीस रुपये या आकड्याभोवती झालेल्या कौतुकात ही गोष्ट झाकली गेली.

एवढ्या फीवर दवाखाना चालतो कसा, याचे उत्तर गर्दीत आहे. त्यांच्याकडे रोज दोनशेच्या आसपास रुग्ण येत असल्याचे त्यांच्याविषयीच्या वृत्तान्तांत नमूद आहे. वीस रुपयांप्रमाणे दोनशे रुग्णांचे चार हजार होतात आणि दवाखान्याचा खर्च त्यातूनच भागवायचा असतो. पाचशे रुपये फी घेणाऱ्या डॉक्टरला तेवढी रक्कम आठ रुग्णांत मिळते. म्हणजे हा दवाखाना धर्मादाय नव्हता, देणगीवर चालत नव्हता, तो स्वतःच्या पायांवर उभा असलेला व्यवसाय होता. फक्त दुसऱ्या डॉक्टरने आठ जणांत जे मिळवावे ते मिळवायला इथे दोनशे जण तपासावे लागत होते. फी कमी म्हणून गर्दी, आणि गर्दी आहे म्हणून फी कमी ठेवणे शक्य, असे हे चक्र. त्याचा सगळा भार डॉक्टरच्या शरीरावर पडतो आणि वय वाढले तरी तो हलका होत नाही.

या चक्राची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे, नाहीतर लेख गौरवपत्र होईल. दोनशे रुग्ण दहा तासांत तपासायचे म्हटले तरी प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटे येतात. २०१७ मध्ये ‘बी.एम.जे. ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात सदुसष्ट देशांतील प्राथमिक डॉक्टरांच्या तपासणीवेळेचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात बांगलादेशचा आकडा एक मिनिटाहूनही कमी, म्हणजे अठ्ठेचाळीस सेकंदांचा, स्वीडनचा साडेबावीस मिनिटांचा आणि भारताचा सव्वादोन मिनिटांच्या जवळपास होता. म्हणजे महाग डॉक्टरकडे जाऊनही भारतीय रुग्णाला फार जास्त वेळ मिळत होता असे नाही. पण म्हणून तीन मिनिटे पुरेशी ठरत नाहीत. एवढ्या वेळात अनोळखी माणसाचा जुनाट आजार समजून घेणे, त्याच्या औषधांची उजळणी करणे, त्याला मधुमेहाचे पथ्य समजावणे अशक्यप्राय असते.

माणूस अनोळखी नसला की मात्र गणित बदलते. डॉ. डावर यांच्याकडे एकाच घरातल्या तीन-तीन पिढ्या येत असत. आजोबांचा दमा, मुलाचा रक्तदाब आणि नातवाची वारंवार सुजणारी टॉन्सिल ज्याला ठाऊक आहेत, त्या डॉक्टरची तीन मिनिटे ही पहिल्यांदाच भेटणाऱ्या तज्ज्ञाच्या पंधरा मिनिटांहून अधिक कामाची असू शकतात, कारण त्यामागे आधीच्या वीस-तीस वर्षांतल्या भेटी जमा असतात. मराठी घरांत ज्याला ‘हातगुण’ म्हणतात, अमुक डॉक्टरच्या औषधाचा गुण येतो अशी जी श्रद्धा असते, तिच्या मुळाशी बऱ्याच अंशी ही साचलेली ओळख असावी. वैद्यकीय संशोधनात तिला सेवेचे सातत्य म्हणतात, म्हणजे एका रुग्णाने दीर्घकाळ एकाच डॉक्टरकडे जाणे, आणि तिचे मोजमाप आता झालेले आहे. २०१८ मध्ये बावीस अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यातील अठरा अभ्यासांत सातत्य जास्त तिथे मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. नॉर्वेत जवळजवळ प्रत्येक नागरिकाचे नाव एका ठरावीक जी.पी.च्या यादीत असते. तिथल्या सुमारे पंचेचाळीस लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०२२ मध्ये प्रकाशित झाला. ज्यांचा डॉक्टर पंधरा वर्षांहून अधिक काळ तोच राहिला, त्यांच्यात पहिल्याच वर्षाच्या डॉक्टरकडे असलेल्यांच्या तुलनेत मृत्यूची शक्यता सुमारे पंचवीस टक्क्यांनी, रुग्णालयात भरती होण्याची अठ्ठावीस टक्क्यांनी आणि अवेळी तातडीची सेवा लागण्याची तीस टक्क्यांनी कमी दिसली. असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत, हे भान ठेवूनही एवढे म्हणता येते की, अर्धशतक एकाच शहरात, एकाच लोकवस्तीसाठी बसून राहणे हाच एक उपचार आहे. कमी फीने ते सातत्य टिकवले, कारण फीमुळे कोणालाही डॉक्टर बदलावा लागला नाही. ‘दोन रुपये’ या आकड्याचे खरे काम हे होते.

घराचा विषय यात आल्यावाचून राहत नाही. कमी फीच्या डॉक्टरची किंमत त्याचे कुटुंब मोजत असते. घरचे उत्पन्न, मुलांच्या शिक्षणाची निवड, सुटीचे दिवस, रात्रीची झोप, सगळ्यालाच त्या एका निर्णयाची झळ लागते. पद्मश्री जाहीर झाल्यावर डॉ. डावर यांनी वृत्तसंस्थेला सांगितले की, एवढी कमी फी घेण्याबद्दल घरात चर्चा नक्की झाली, पण वाद कधी झाला नाही. या विधानातला ‘चर्चा झाली’ हा भाग महत्त्वाचा वाटतो. सेवाभावी माणसांची चरित्रे लिहिताना कुटुंब आनंदाने मागे उभे राहिले, असे एका वाक्यात उरकण्याची आपल्याकडे रीत आहे. इथे निदान एवढे कळते की प्रश्न विचारला गेला होता, त्याचा हिशेब मांडला गेला होता आणि त्यानंतर घराने तो निर्णय आपला मानला. समाजाला वाहून घेतलेले आणि कुटुंबाला वाहून घेतलेले आयुष्य ही दोन वेगळी आयुष्ये असतात असे धरले जाते. जबलपूरच्या या घरात ती एकाच जमाखर्चात बसवली गेली होती.

या वाटेवर डॉ. डावर एकटे नव्हते. मेळघाटात, अमरावती जिल्ह्यातील बैरागडला, डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी पहिल्या तपासणीला दोन रुपये आणि पुढच्या वेळी एक रुपया घेऊन कोरकू आदिवासींमध्ये काम केले. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी रांचीत पाच रुपये फी घेणारे डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी आणि पुढच्या वर्षी बंगालमधील बोलपूरचे, एक रुपया घेणारे डॉ. सुशोभन बंद्योपाध्याय यांचा गौरव झाला. या सर्वांना एका माळेत ओवण्याचा मोह होतो, पण कोल्हे दांपत्याचे काम आणि डावर यांचे काम यांत मूलभूत फरक आहे. बैरागडला डॉक्टर नव्हताच. तिथे प्रश्न पोहोचण्याचा होता आणि त्यापाठोपाठ शेतीचा, रेशनचा, कुपोषणाचा होता, म्हणून कोल्हे शेतीतही उतरले. जबलपुरात डॉक्टर पुष्कळ होते, वैद्यकीय महाविद्यालय होते, सरकारी व खाजगी रुग्णालये होती. जिथे सगळे आहे तिथे फी न वाढवणे ही एक प्रकारे अधिक अवघड गोष्ट, कारण शेजारच्या दवाखान्याचे दर रोज डोळ्यांसमोर असतात आणि आपण वेगळे का वागतो, याचे उत्तर दर वर्षी नव्याने द्यावे लागते.

शहरातल्या वैद्यकीय बाजाराचे आणखी एक अंग महाराष्ट्रातल्या वाचकाला परिचित आहे: ‘कट प्रॅक्टिस’, म्हणजे रुग्ण पुढे पाठवल्याबद्दल किंवा तपासणी सुचवल्याबद्दल डॉक्टरला मिळणारा हिस्सा. महाडचे विंचूदंशतज्ज्ञ डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी असा हिश्शाचा धनादेश परत करून तक्रार केली तेव्हा महाराष्ट्रात या प्रथेची उघड चर्चा झाली. फी नाममात्र ठेवून कसर अशा मार्गाने भरून काढणे व्यवसायात अशक्य नसते, म्हणून केवळ फीच्या आकड्यावरून कोणा डॉक्टरची पारख करणे धोक्याचे आहे. पारख होते ती पेशंटच्या एकूण खर्चावरून, आणि पेशंटला ती बरोबर कळते. त्याच दाराशी तो पन्नास वर्षे येत राहतो किंवा येत नाही.

एकूण खर्चाचे राष्ट्रीय चित्र असे आहे. आरोग्यावरच्या देशाच्या एकूण खर्चापैकी लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केलेला भाग २००४-०५ मध्ये सुमारे ६९ टक्के होता, २०१३-१४ मध्ये ६४ टक्के आणि २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांच्या आसपास आला, असे राष्ट्रीय आरोग्य लेख्यांचे आकडे सांगतात. घट मोठी आहे. परंतु विमा योजनांचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर असतो, तर ताप, खोकला, मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी यांसाठी दवाखान्यात जाऊन चिठ्ठी घेऊन परत येण्याचा खर्च, ज्याला बाह्यरुग्ण खर्च म्हणतात, तो अजूनही मुख्यतः घरच्या पैशातूनच भागतो. नेमकी हीच पोकळी डॉ. डावर यांच्यासारखे डॉक्टर वैयक्तिक पातळीवर भरत होते.

२५ जानेवारी २०२३ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला, वैद्यकशास्त्रातील सेवेसाठी त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ती प्रदान करण्यात आली. तेव्हा ते सत्याहत्तर वर्षांचे होते. मेहनतीचे फळ उशिरा का होईना मिळते, हा त्यांच्या प्रतिक्रियेचा सूर होता आणि त्याचे श्रेय त्यांनी लोकांच्या आशीर्वादांना दिले. ४ जुलै २०२५ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, जबलपुरात त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे जो व्यावहारिक प्रश्न उरतो तो शोकसंदेशांत आला नाही. नॉर्वेतल्या जी.पी.ने काम थांबवले की त्याची यादी दुसऱ्या डॉक्टरच्या नावावर होते आणि रुग्णांच्या नोंदी तिच्याबरोबर जातात. आपल्याकडे तशी यादीच नसते. चालता दवाखाना विकताना पेशंटांच्या विश्वासाची रक्कम ‘गुडविल’ म्हणून लावतात. पण ज्याचे गुडविल वीस रुपयांच्या फीवर उभे आहे तो दवाखाना विकत घेणारा फी वाढवल्याशिवाय व्याजही फेडू शकणार नाही. आणि आज खाजगी महाविद्यालयात लाखो रुपये भरून एम.बी.बी.एस. झालेल्या, पुढे पदव्युत्तर जागेसाठी आणखी खर्च करणाऱ्या तरुणाला दोन रुपयांच्या आजच्या बरोबरीने, म्हणजे ऐंशी-नव्वद रुपयांनी, प्रॅक्टिस सुरू करायला सांगणे हेही अवघड होऊन बसले आहे. तालुक्याच्या पातळीवर सरकारी मापदंडाने सपाट प्रदेशात एक लाख वीस हजार लोकांमागे एक सामुदायिक आरोग्य केंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असायला हवे. तिथे केस पेपर जवळजवळ फुकट निघतो, परंतु डॉक्टरची बदली होत राहते, म्हणजे पैसे वाचतात आणि ओळख मात्र दर दोन-तीन वर्षांनी पहिल्यापासून सुरू होते. शहपुऱ्यासारख्या ठिकाणच्या माणसाला ही दोन्ही एका दारात हवी असतील, तर बदलीच्या नियमांत प्राथमिक डॉक्टरला एका जागी दहा-पंधरा वर्षे राहता येईल अशी सोय करणे आणि त्याच्या मुलांच्या शाळेचा, घराचा, पगारवाढीचा प्रश्न त्याच गावात सोडवणे, हे काम आरोग्य खात्याला करावे लागेल.